जेऊरवरून जाणारा रूळ आणि हेलकावे जिरवण्याचा इतिहास

#धागा

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ पुण्याहून डिकसळपर्यंत १८५८ साली आला. डिकसळहून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, तो १८५९ साली पोहोचला आणि १८६० मध्ये सोलापूरला गेला. करमाळा तालुक्यातील जेऊर यांपैकी मधल्या टप्प्यावर येते. (सोलापूर जिल्ह्यातच अक्कलकोट तालुक्यात दुसरे जेऊर आहे. येथे अभिप्रेत आहे ते करमाळ्याचे रेल्वेस्थानक म्हणून ओळखले जाणारे जेऊर.)

या मार्गाचा इतिहास सहसा तीन गोष्टींच्या आधारे सांगितला जातो : घाट, पूल आणि उद्घाटनाच्या तारखा. भोर घाटाची कथा तर अनेकदा सांगून झाली आहे. डिकसळजवळच्या भीमेवरील जुन्या रेल्वेपुलाचीही आठवण काढली जाते. उजनीच्या जलाशयामुळे रूळ हलला आणि तो पूल रस्त्याच्या वाहतुकीला मिळाला. पण एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. रुळावरून धावणारा डबा एकदा हलू लागला, की तो थांबतो कशामुळे?

प्रश्न बालिश वाटेल, पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत गाडीचा वेग, प्रवाशाची सुरक्षितता आणि कोणत्या वर्गाच्या प्रवाशाने किती हाल सोसायचे, हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरत आले आहे.

प्रथम थोडे पदार्थविज्ञान. झोपाळ्याला एकदा ढकलून सोडून दिले, की तो आपल्या ठरलेल्या लयीत मागेपुढे होतो आणि झोका हळूहळू लहान होत थांबतो. ती लय म्हणजे त्याची नैसर्गिक वारंवारता. झोका लहान होतो, कारण कड्यांमधील घर्षण आणि हवेचा विरोध प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा खाऊन तिची उष्णता करतात. ऊर्जा अशी जिरवण्याच्या क्रियेला अवमंदन म्हणतात. देवळातील घंटा वाजवून लगेच तिला तळहात लावला, की नाद जागच्या जागी विरतो. तेही अवमंदनच, फक्त फार जोरकस.

डबाही असाच एक झोपाळा आहे, वर-खाली होणारा. त्याचे वजन स्प्रिंगांवर पेललेले असते. वजनाने स्प्रिंग जितकी अधिक दबते, तितकी त्याची लय संथ. स्थिर उभ्या डब्याखाली स्प्रिंग ५ सेंटिमीटर दबलेली असेल, तर डबा सेकंदाला सव्वादोन वेळा वर-खाली होऊ पाहतो. २५ सेंटिमीटर दबलेली असेल, तर एकदाच. पहिला डबा दणके देतो, दुसरा झुलवतो.

आता रुळाकडे पाहू. जोडरुळांच्या मार्गावर दर रुळाच्या टोकाला सांधा असतो आणि प्रत्येक सांध्यावर चाकाला बारीक ठोसा बसतो. 'खडखड-खडखड' हा ओळखीचा ताल त्याचाच. आपल्याकडील मोठ्या मापाच्या रुळाची प्रमाण लांबी १३ मीटर. ताशी सुमारे ४७ किलोमीटर वेगाने गेले, की सेकंदाला बरोबर एक ठोसा बसतो. सेकंदाला एकदा डोलणारा डबा त्या वेगाला सापडला, की प्रत्येक ठोसा नेमका योग्य क्षणी बसतो, जणू झोपाळ्याला मागून कोणी वेळेवर ढकलते आहे. हे अनुस्पंदन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे रूळ याच्या निम्म्याहूनही आखूड असत, पण डब्यांच्या स्प्रिंगाही ताठ असत. म्हणून रूळ आखूड आणि लय जलद अशी जोडी तेव्हाही ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासच जमत असे. दुर्दैवाने आगगाड्या नेमक्या त्याच वेगाने धावू लागल्या होत्या.

अनुस्पंदनात झोका किती वाढेल, हे केवळ अवमंदनावर अवलंबून असते. हलणारी वस्तू एकही फेरी न घेता कमीत कमी वेळात जागेवर येण्यासाठी जितके अवमंदन लागते, त्याला क्रांतिक मूल्य म्हणतात. त्याच्या विसाव्या हिश्शाइतकेच अवमंदन असेल, तर अनुस्पंदनाच्या वेळी हालचाल सुमारे दहापट होते. चौथा हिस्सा असेल, तर दुपटीवर थांबते. एका बाजूला रुळावरून घसरण्याची भीती आणि दुसऱ्या बाजूला डुलकी लागण्याइतकी शांतता, यांच्यामधले अंतर एवढेच आहे.

हे हेलकावे मोजावेत असे पहिल्यांदा गांभीर्याने वाटलेल्यांमध्ये एक नाव अनपेक्षित आहे : चार्ल्स बॅबेज. गणकयंत्राचा आद्य कल्पक म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. इंग्लंडमधील ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपल्या रुंद मापाचे समर्थन करण्यासाठी त्याची मदत घेतली. १८३९ च्या सुमारास त्याने एका डब्यात लांब टेबल मांडले, त्यावरून सरकणारी कागदाची गुंडाळी बसवली आणि डब्याची हालचाल आपोआप टिपणाऱ्या लेखण्या लावल्या. डब्याचा इतिहास डब्याकडूनच लिहून घेण्याचा हा प्रयोग होता. प्रत्येक गाडीत असे यंत्र असावे, असे त्याचे मत होते. अपघातानंतर साक्षीदारांच्या आठवणींवर विसंबण्यापेक्षा ते बरे, असे त्याला वाटे.

१८६२ साली, म्हणजे सोलापूरला गाडी येऊन दोनच वर्षे झाली असताना, लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने रेल्वेप्रवासाचा प्रकृतीवर होणारा परिणाम तपासणारा अहवाल प्रसिद्ध केला. सततच्या सूक्ष्म धक्क्यांनी स्नायू व मज्जासंस्था थकते का, हा त्यातला एक मुख्य प्रश्न होता. चार वर्षांनी जॉन एरिक्सन या शल्यवैद्याने रेल्वे-अपघातात हादरलेल्या रुग्णांवर ग्रंथ लिहिला आणि 'रेल्वे स्पाइन' हा शब्द न्यायालयांत गाजू लागला. त्या काळच्या युरोपीय मध्यमवर्गाला आगगाडीच्या वेगाइतकीच तिच्या थरथरीची धास्ती वाटत होती. जेऊरहून मुंबईकडे निघालेल्या शेतकऱ्याच्या पाठीच्या कण्याविषयी मात्र लंडनमध्ये कोणी अहवाल लिहिला नाही.

त्या डब्यांखाली होते तरी काय? पोलादी पाटे. घोडागाड्यांपासून चालत आलेली ही युक्ती आहे : लांबीने कमी-कमी होत जाणारे पोलादाचे पट्टे एकावर एक रचून मध्ये बांधायचे आणि टोकांवर वजन पेलायचे. मालट्रकखाली आजही ते दिसतात. पाट्यांची खुबी अशी, की ते एकाच वेळी स्प्रिंगही असतात आणि अवमंदकही. गाडी हलली, की पट्टे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात ऊर्जा जिरते. वेगळा सुटा भाग नको, तेल नको, कारागीर नको. वसाहतीतल्या काटकसरी कंपनीला याहून सोयीचे काय असणार?

पण घर्षणाने जिरवण्याची एक खोड आहे, आणि पुढची सगळी कथा त्या खोडीभोवती फिरते.

घर्षण प्रत्येक फेरीत झोक्यातून ठरावीक माप कापते. १२ मिलिमीटरचा झोका पुढच्या फेऱ्यांत ९, ६, ३ असा उतरत शून्यावर येतो. येथवर ठीक. पण ठोसा इतका बारीक असेल, की पट्ट्यांमधले घर्षण त्याने सुटतच नाही, तर पाटे हलतच नाहीत. त्या क्षणी स्प्रिंग नसून लोखंडाचा ठोकळाच आहे असे समजावे. सगळा ठोसा सरळ वर जातो. म्हणजे मोठा हेलकावा पाटे सांभाळतात आणि बारीक खडखड जशीच्या तशी प्रवाशाच्या हाडांत उतरवतात. पाटे गंजले, की हे अधिकच होते.

याचा सर्वांत कठोर परिणाम यात्रेकरूंनी भोगला. पंढरपूरच्या वाऱ्या, कुंभमेळे, मोठ्या जत्रा अशा गर्दीच्या वेळी देशभरच्या रेल्वेकंपन्या प्रवाशांना बंदिस्त मालडब्यांत भरून नेत. त्याविरुद्ध तक्रारी होत, वृत्तपत्रे लिहीत, आणि पुढच्या यात्रेला तेच होई. या तक्रारींत गर्दी, अंधार, घाण आणि पाण्याचा अभाव यांचा उल्लेख असतो, आणि तो रास्तच आहे. डब्याच्या पाट्यांचा उल्लेख त्यांत सहसा नसतो, कारण ते प्रवाशाला दिसत नाहीत.

हिशेब करून पाहावा. मालडब्याचे पाटे पंधरा-वीस टन धान्य किंवा कापूस पेलण्यासाठी घडवलेले. त्याच डब्यात चाळीस माणसे उभी केली, तर त्यांचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास भरते. इतक्या हलक्या ओझ्याखाली ते पाटे जेमतेम दबतात. स्प्रिंग ताठ, लय जलद, घर्षण न सुटलेले. धान्याची पोती त्या डब्यात माणसांपेक्षा अधिक सुखाने प्रवास करत, असे म्हणणे अलंकारिक नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ते शब्दशः खरे आहे.

जेऊरहून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्याला बार्शी रोडला गाडी बदलावी लागे. तेथून बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटर मापाची चिमुकली गाडी निघे. १८९७ साली ती बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९०६ मध्ये पंढरपूरला पोहोचली. तिचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप आधी जीआयपी रेल्वेतच नोकरीला होता. त्याचा मूलमंत्र साधा होता : इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार नको. भार सर्व आसांवर सारखा वाटला, की हलका, स्वस्त रूळही पुरतो, कमी वाकतो, आणि कमी वाकणारा रूळ गाडीला कमी ठोसे देतो. हेलकावा निर्माण झाल्यावर जिरवण्यापेक्षा तो उपजूच द्यायचा नाही, असा हा विचार होता. (हाच कॅलथ्रॉप पुढे हवाई छत्रीच्या मागे लागला. 'गार्डियन एंजल' नावाची त्याची छत्री पहिल्या महायुद्धात वापरली गेली. लोकांनी सुखरूप खाली यावे, हा त्याचा ध्यास रुळांपुरता नव्हता.)

१२ सप्टेंबर १९१७ रोजी एका प्रवाशाने मुंबईहून मद्रासला जाणाऱ्या मेलचे तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढले. भाडे १३ रुपये ९ आणे. डब्यावर २२ प्रवाशांची पाटी होती, ती केवळ बसण्यापुरती. आडवे होण्याची सोय नव्हती आणि दोन रात्री काढायच्या होत्या. रायचूरनंतर गर्दी असह्य झाली. प्रवाशाचे नाव मोहनदास करमचंद गांधी. त्याच महिन्यात त्यांनी या प्रवासाविषयी लिहिलेले पत्र पुढे तिसऱ्या वर्गावरील पुस्तिकेतून सर्वत्र पोहोचले. पुण्यापासून रायचूरकडे जाणाऱ्या या मेलचा रस्ता दौंड, जेऊर, कुर्डुवाडी, सोलापूर, वाडी असाच होता. गांधींनी घाण आणि गर्दी यांवर बोट ठेवले आणि पहिल्या वर्गाच्या भाड्याशी व तेथील सुखसोयींशी तुलना केली. पहिल्या वर्गात जाड गादी असे, तिसऱ्यात लाकडी फळी. अवमंदनाच्या भाषेत सांगायचे, तर दोन्ही डब्यांखाली पाटे असले, तरी एका प्रवाशाला दुसरा अवमंदक मिळत होता आणि दुसऱ्याचा स्वतःचा देह ते काम करत होता.

हे वाक्य सहानुभूतीपोटी लिहिलेले नाही. बसलेल्या माणसाच्या धडाला उभ्या दिशेने सेकंदाला साधारण चार ते आठ या वारंवारतेचे धक्के सर्वाधिक बाधतात. पोट, कणा, खांदे याच पट्ट्यात अनुस्पंदतात. ऊर्जा कुठेतरी जिरायचीच असते. फळी ती जिरवत नाही, तेव्हा स्नायू जिरवतात. दोन रात्रींच्या प्रवासानंतर येणारा ठणका हा त्या कामाचा मोबदला.

आतापर्यंत उभ्या हेलकाव्यांचे झाले. आडव्या हेलकाव्यांची गोष्ट याहून विचित्र आहे, कारण तिथे रूळ अगदी गुळगुळीत असला तरी डबा डोलू शकतो.

आगगाडीचे चाक सपाट नसते, किंचित शंकूसारखे निमुळते असते. त्यामुळे जोडचाक एका बाजूला सरकले, की त्या बाजूचे चाक मोठ्या घेरावर चालते आणि जोडी आपोआप मध्याकडे वळते. पण मध्यावर येऊन ती थांबत नाही, पलीकडे जाते, पुन्हा वळते. मार्ग नागमोडी होतो. १८८३ साली क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने या नागमोडीचे सूत्र मांडले. आपल्या १६७६ मिलिमीटर मापाला आणि विसास एक अशा उताराच्या चाकाला ते लावले, तर एक पूर्ण वळसा सुमारे १८ मीटरचा येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदाला दीड वळसा झाला. चाक झिजून उतार वाढला, की वळसा आखूड होतो आणि डोलणे जलद.

मंद वेगात हे डोलणे आपोआप शमते. एका मर्यादेपलीकडे मात्र ते वाढत जाते. चाक आणि रूळ यांच्या सूक्ष्म घसरणीतून गाडीच्या पुढे जाण्याच्या गतीतली ऊर्जा डोलण्यात झिरपू लागते. झोपाळ्याला कोणीही ढकलत नसताना झोका वाढावा, तसे. यालाच ऋण अवमंदन म्हणतात. फ्रेडरिक कार्टर याने १९१६ मध्ये या घसरणीचे गणित मांडले, पण रेल्वेजगताने ते फारसे मनावर घेतले नाही. मार्च १९५५ मध्ये फ्रान्सने ताशी ३३१ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा गाडीमागे उरलेला रूळ वेडावाकडा झाला होता. इंजिनात ताकद होती. हेलकावा जिरवण्याची सोय अपुरी होती.

उत्तर आले जपानमधून आणि तेही विमानविद्येतून. तादाशी मात्सुदाइरा हा अभियंता युद्धकाळात नौदलाच्या झीरो विमानांच्या पंखांची फडफड अभ्यासत होता. वाऱ्यातून ऊर्जा घेऊन पंख स्वतःहून थरथरू लागतात आणि तुटतात, हे त्याला ठाऊक होते. युद्धानंतर तो रेल्वेच्या संशोधनसंस्थेत आला. तेथील जुन्या मंडळींच्या मते डबे डोलतात ते रूळ वाकडे असल्यामुळे. डबे स्वतःच स्वतःला डोलवतात, पंखांसारखे, असे त्याने दाखवून दिले. १९६४ च्या शिन्कान्सेनचे डबे त्याच समजुतीवर घडले. पराभूत राष्ट्राच्या लढाऊ विमानांचे ज्ञान आगगाडीच्या चाकांपाशी येऊन शांत झाले, हा आधुनिक तंत्रेतिहासातला एक अतिशय सुंदर वळसा आहे.

भारतात याच सुमारास मोठा बदल घडत होता. २ ऑक्टोबर १९५५ रोजी मद्रासजवळ पेरांबूर येथे इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्घाटन झाले. तिच्या डब्याचा आराखडा स्वित्झर्लंडचा होता. या डब्यांखाली पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. गुंडाळीला स्वतःचे घर्षण जवळजवळ नसतेच. ती एकदा हलली, की हलतच राहते. म्हणून तिच्यासोबत तेलाचा अवमंदक अनिवार्य झाला. आसाच्या पेटीजवळ तेलाने भरलेली नळी आणि त्यात दट्ट्या. डबा खाली आला, की तेल बारीक छिद्रांतून वर ढकलले जाते, वर गेला की परत येते. चिकट तेलाला छिद्रांतून रेटताना जी मेहनत होते, तीत हेलकावा संपतो. रेल्वे कारखान्यांत याला 'डॅशपॉट' म्हणतात.

घर्षण आणि तेल यांतला भेद इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. तेलाचा विरोध हालचालीच्या वेगाबरोबर वाढतो आणि वेग शून्य असताना विरोधही शून्य असतो. त्यामुळे ते कुलुपासारखे अडकून बसत नाही. बारीक ठोसाही स्प्रिंगेपर्यंत पोहोचतो. झोका दर फेरीला ठरावीक पटीत उतरतो : १२, ६, ३, दीड. प्रवाशाला सुखाचे वाटते ते हेच. मात्र तेल गळते. डॅशपॉटमधले तेल संपले, की डबा कोणत्याही इशाऱ्याशिवाय जुन्या काळात परततो. पाट्यांना देखभाल लागत नसे, तेलाला लागते. म्हणजे सुखाची जबाबदारी आता आराखडा काढणाऱ्याकडून यार्डात दिवा घेऊन पातळी तपासणाऱ्या कामगाराकडे आली.

आणि अवमंदन जितके अधिक तितके बरे, असेही नाही. अवमंदक फार कडक केला, तर जलद ठोसे तोच वर पोहोचवू लागतो. म्हणून अभियंते क्रांतिक मूल्याच्या साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाइतकेच अवमंदन ठेवतात. हेलकावा दोन-तीन फेऱ्यांत विरेल इतके पुरे.

तिसरा वर्ग १९७४ साली कागदावरून गेला. त्याचे नाव दुसरा वर्ग झाले, फळ्या मात्र लाकडीच राहिल्या. त्या बदलल्या त्या १९७७ नंतर, मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना. राजापूरचे हे खासदार जन्माने अहमदनगरचे, म्हणजे करमाळ्याच्या शेजारच्याच जिल्ह्यातले. राजकारणाइतकीच त्यांची दुसरी ओळख मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक ही होती. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळीवर दोन इंच फोम बसवण्याचा निर्णय त्यांचा. पहिल्या वर्गाचा दर्जा उतरवायचा नाही, दुसऱ्याचा वर आणायचा, अशी त्यांची भूमिका होती. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई आणि हावडा यांच्यामध्ये धावू लागलेली वर्गविरहित गीतांजली एक्सप्रेस हीही त्यांच्याच काळातली.

दोन इंच फोम म्हणजे काय? असंख्य पोकळ्यांचा, दाबला की हवा हळूहळू सोडणारा, सावकाश मूळ आकार घेणारा पदार्थ. अर्थात अवमंदक. त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. सेकंदाला एकदा येणाऱ्या संथ हेलकाव्याला दोन इंच काही करू शकत नाहीत, ते काम खालच्या तेलाचे. पण स्प्रिंगांतून निसटून वर आलेली बारीक, जलद थरथर फोम बऱ्यापैकी गिळतो, आणि हाडांवरचा दाब पसरवतो. खालचा अवमंदक रेल्वेने आधीच सर्वांना सारखा दिला होता. वरचा, जो शंभर वर्षे पहिल्या वर्गाची मिरास होता, तो आता दुसऱ्या वर्गाला मिळाला. स्वातंत्र्योत्तर रेल्वेच्या इतिहासात धरणांइतक्या किमतीचे प्रकल्प पुष्कळ झाले, परंतु इतक्या कमी खर्चात इतक्या पाठींना विसावा देणारा निर्णय दुसरा सापडणे कठीण.

पुढचा टप्पा वेगाने सांगता येईल. २००० पासून जर्मन आराखड्याचे एलएचबी डबे आले. त्यांच्या चाकांच्या चौकटीला नागमोडी आवरण्यासाठी स्वतंत्र आडवे अवमंदक असतात. मात्र सुरुवातीला या डब्यांच्या जोडणीत पुढे-मागे बसणारे झटके प्रवाशांना नकोसे झाले आणि त्यासाठी जोडणीतला धक्काशोषक बदलावा लागला. एका दिशेचा हेलकावा जिरवला, की दुसऱ्या दिशेचा जाणवू लागतो, हे या क्षेत्रातले जुने दुखणे. २०१८ मध्ये पेरांबूरने जुन्या आराखड्याचे डबे बांधणे थांबवले. सांधे असलेले रूळ जाऊन मुख्य मार्गांवर लांबच लांब जोडलेले रूळ आले आणि तो ओळखीचा ताल मंदावला. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई–सोलापूर वंदे भारत या मार्गावर धावते. तिचे डबे हवेच्या फुग्यांवर पेललेले आहेत. फुग्यातला दाब गर्दीप्रमाणे कमी-जास्त होतो, म्हणून रिकाम्या आणि भरलेल्या डब्याची लय जवळपास सारखी राहते. मालडब्यातल्या यात्रेकरूंना जे मिळाले नाही, ते नेमके हेच. ही गाडी जेऊरला थांबत नाही.

नवा डबा मार्गावर येण्यापूर्वी लखनौच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेचे पथक त्याची 'ऑसिलेशन ट्रायल' घेते. ठरवलेल्या कमाल वेगाहूनही थोड्या अधिक वेगाने डबा पळवला जातो. चाकांच्या चौकटीच्या वर, डब्याच्या तळाशी त्वरणमापक बसवलेले असतात, आणि उभी व आडवी थरथर सतत नोंदली जाते. बॅबेजच्या लेखण्यांचे हे वंशज. डबा एकदा रिकामा पळवतात आणि एकदा भरलेला. भरलेल्या फेरीत प्रवासी नसतात. त्यांच्या जागी, त्यांच्या वजनाच्या हिशेबाने, वाळूच्या गोण्या ठेवतात. अनारक्षित डब्यासाठी हा हिशेब बाकांच्या संख्येवर थांबत नाही, उभ्याने जाणाऱ्यांचाही भार धरावा लागतो.